शाळेंत संगणक कसा आला

ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेंत देवालयाच्या बांधणीचा, आजवरच्या धर्मगुरूंचा आणि धर्मग्रामांतील निरनिराळ्या संघांचा वृत्तांत इतर लेखकांनीं दिलाच आहे. आमच्याकडे शाळेचा विषय आला. मुख्याध्यापकांची नामावलि व इमारतफंडाचा हिशेब छापून आम्हांस सुटतां आलें असतें. परंतु गेलीं कित्येक वर्षें पालकसभेंत ज्या एका गोष्टीवरून सर्वांत अधिक बोलणें होतें, तिचाच इतिहास वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटलें. ती गोष्ट म्हणजे संगणक. "फादर, आपल्या शाळेंत मुलांना कंप्युटर नीट कधीं शिकवणार?" असें एक बाप विचारतो. "आम्ही पोरीला बाहेरच्या क्लासला घातलें, पैसे भरले, सर्टिफिकेटही मिळालें, पण तिला नक्की काय येतें तें कळत नाहीं," असें एक आई म्हणते. हे दोन प्रश्न वरवर पाहतां वेगळे, पण मुळांत एकच आहेत. संगणक शिकविणें म्हणजे नेमकें काय शिकविणें? यंत्र चालविणें, कीं यंत्राला काम सांगण्यासाठीं लागणारा विचार करणें? ह्या प्रश्नावर जगांतील शाळा व विद्यापीठें साठ वर्षें अडखळत आलीं आहेत, आणि त्यांच्या अडखळण्यांत आपल्या मुलांच्या उपयोगाचें पुष्कळ आहे.

अभ्यासक्रम ही वस्तु मोठी सावकाश हलणारी आहे. सेमिनरींत ज्यांचीं वर्षें गेलीं त्या आम्हां लोकांस हें निराळें सांगावयास नको. येशूसंघाच्या विद्यालयांसाठीं 'रात्सिओ स्तुदिओरुम्' ह्या नांवाची अध्यापनाची योजना १५८६ सालीं मसुद्याच्या रूपानें निघाली, १५९१ सालीं तिचा दुसरा मसुदा झाला, आणि संघाचे जनरल क्लॉडियो अक्वाविवा ह्यांच्या कारकीर्दींत १५९९ सालीं ती कायम झाली. पुढें १७७३ सालीं संघ बरखास्त होईपर्यंत संघाच्या विद्यालयांत तीच चालू होती. तेरा वर्षें विचार करून केलेलें काम पावणेदोनशें वर्षें टिकलें. आतांचा संगणक चारपांच वर्षांत जुना होतो, आणि त्याच्यावर लिहिलेलें पाठ्यपुस्तक छापून वर्गांत पोंचतें न पोंचतें तोंच शिळें होऊं लागतें. हा वेगाचा विरोध पुढील सर्व हकीकतीच्या मुळाशीं आहे.

नवें यंत्र आणि आपली भाषा ह्यांची गांठ पडण्याचा प्रसंगही नवा नव्हे. छापखाना गोव्यास १५५६ सालीं आला व तो सेंट पॉलच्या कॉलेजांत बसविला गेला. १५७९ सालीं गोव्यास उतरलेले इंग्रज येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं मराठींत ख्रिस्तपुराण रचिलें, हें आपल्या लोकांस ठाऊकच आहे. त्यांनीं १६०८ सालीं ह्याच अक्वाविवा ह्यांस पत्र लिहून ह्या देशाच्या लिपीचे खिळे पाडण्याविषयीं विनंति केली होती, ही गोष्ट मात्र थोड्यांस माहीत असेल. लिपींत अक्षरें पुष्कळ, जोडाक्षरें त्याहून पुष्कळ, तेव्हां खिळे शेंकड्यांनीं लागणार, ही अडचणही ते जाणून होते. खिळे कांहीं पडले नाहींत. १६१६ सालीं साष्टींतील राशोल येथें ख्रिस्तपुराण छापून निघालें तें रोमन अक्षरांत. मराठीची थोरवी गाणारा ग्रंथ मराठीच्या अक्षरांत निघूं शकला नाहीं, कारण यंत्राला तीं अक्षरें येत नव्हतीं. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें ती पुन्हां येणार आहे.

आतां संगणकाकडे वळूं. पहिल्या पिढींतील संगणक खोलीभर मोठा असे आणि त्याचा खर्च सरकारें, सैन्यें व मोठ्या कंपन्या यांनाच झेपे. विद्यार्थ्यानें आपलें गणित भोंकें पाडलेल्या कार्डांवर उतरवावें, कार्डांचा गठ्ठा खिडकींतून आंत द्यावा, आणि उत्तरासाठीं कांहीं तास, कधीं दुसऱ्या दिवसापर्यंत, वाट पाहावी. एखादें चिन्ह चुकलें तर सारें पुन्हां पहिल्यापासून. अशा यंत्राला सर्वसामान्य अभ्यासक्रमांत जागा मिळणें कठीणच होतें. तें तज्ज्ञांचें होतें व तज्ज्ञांपाशींच राहिलें असतें.

हें कुंपण प्रथम मोडलें तें अमेरिकेंतील न्यू हॅम्पशर संस्थानांत, डार्टमथ नांवाच्या एका जुन्या कॉलेजांत. जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ हे तेथील गणिताचे प्राध्यापक होते. केमेनी हे बुडापेस्ट येथें जन्मलेले, तरुणपणीं प्रिन्स्टन येथें आइनस्टाइन ह्यांचे गणितांतील मदतनीस होते. त्या दोघांचा विचार असा कीं, आपल्या कॉलेजांतील बहुतेक विद्यार्थी शास्त्रें किंवा एंजिनिअरिंग शिकणारे नाहींत; ते इतिहास, वाङ्मय, अर्थशास्त्र शिकतात; परंतु उद्यां कारभार त्यांच्याच हातीं जाणार, आणि कारभारांत हें यंत्र असणार. तेव्हां संगणक काय आहे हें तज्ज्ञाला कळून पुरणार नाहीं, सर्वांस कळलें पाहिजे. हा विचार त्यांनीं नुसता बोलून दाखविला नाहीं. एकाच यंत्राचा वेळ क्षणाक्षणांनीं वांटून अनेकांना एकदम वापरतां यावा अशी व्यवस्था त्यांनीं केली, आणि तिच्यासाठीं बेसिक नांवाची सोपी संगणकभाषा रचिली. १ मे १९६४ रोजीं पहांटे चार वाजतां ह्या भाषेंतील पहिलें काम यंत्रानें पार पाडलें. हें उभारण्यांत कॉलेजांतील विद्यार्थ्यांचाच मोठा हात होता. पुढें पहिल्या वर्षाच्या गणिताच्या वर्गांतच ही भाषा शिकविली जाऊं लागली, आणि संगणक ग्रंथालयाप्रमाणें सर्वांना मोकळा असावा, आंत शिरतांना कोणी कशासाठीं म्हणून विचारूं नये, असा नियम झाला. ह्या नियमाचें आम्हांस फार कौतुक वाटतें. आपल्याकडे अजूनही ग्रंथालयाच्या कपाटास कुलूप असतें, मग संगणकाच्या खोलीची गोष्ट काय सांगावी!

ह्याच सुमारास मध्य अमेरिकेंतील एका भगिनीनें जें केलें तें आपल्या वाचकांना विशेष आवडेल. सिस्टर मेरी केनेथ केलर ह्यांचा जन्म १९१३ सालीं क्लीव्हलंड येथें झाला. १९३२ सालीं त्या धन्य कुमारी मरियेच्या सेवाव्रती भगिनींच्या संघांत दाखल झाल्या, गणित व पदार्थविज्ञान शिकल्या, शिक्षिका झाल्या. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षीं, १९६५ सालीं, विस्कॉन्सिन विद्यापीठाची संगणकशास्त्रांतील डॉक्टरची पदवी त्यांनीं मिळविली. अमेरिकेंत ह्या शास्त्रांत ही पदवी मिळविणारीं पहिलीं जीं दोन माणसें, त्यांपैकीं त्या एक होत. दुसऱ्या गृहस्थांना ती दुसऱ्या विद्यापीठांतून त्याच दिवशीं मिळाली. पदवी घेऊन सिस्टर मोठ्या विद्यापीठांत गेल्या नाहींत. आयोवा संस्थानांतील डब्यूक गांवीं क्लार्क कॉलेज म्हणून भगिनींनीं चालविलेलें स्त्रियांचें लहानसें कॉलेज होतें, तेथें त्यांनीं त्याच वर्षीं संगणकशास्त्राचा विभाग काढला आणि वीस वर्षें चालविला. यंत्र गणितवाल्यांपुरतें ठेवूं नये, ग्रंथपालानें, समाजशास्त्र शिकणारीनें, उद्यां शिक्षिका होणारीनेंही तें शिकावें, असा त्यांचा आग्रह असे. १९८५ सालीं त्या वारल्या. पन्नाशी उलटल्यावर नवीन काय शिकायचें, असें म्हणणाऱ्या आमच्या वयाच्या शिक्षकांसाठीं आम्हीं हें वय मुद्दाम छापलें आहे.

आतां ह्याच चित्राची दुसरी बाजू. सिस्टर केलर ह्यांच्याच जन्मवर्षीं इटलींत जन्मलेले फादर रोबेर्तो बूसा हे येशूसंघी. संत थॉमस अक्विनास ह्यांच्या समग्र लेखनांतील शब्दन् शब्दाची सूचि करण्याचें त्यांनीं मनावर घेतलें. हें काम हातानें होणारें नव्हे, म्हणून १९४९ सालीं ते न्यूयॉर्क येथें जाऊन आयबीएम कंपनीचे प्रमुख टॉमस वॉटसन ह्यांस भेटले व त्यांचें साह्य मिळविलें. एक कोटीहून अधिक शब्दांची ही सूचि छप्पन खंडांत १९८० सालीं पुरी झाली. सेमिनरींत तत्त्वज्ञान शिकतांना ज्यांनीं अक्विनासांचें एखादें वचन शोधण्यांत रात्री घालविल्या, त्यांस ह्या कामाची किंमत कळेल. परंतु कार्डांना भोंकें कोणीं पाडलीं? त्यासाठीं उत्तर इटलींतील गाल्लाराते येथें फादर बूसा ह्यांनीं १९५६ च्या सुमारास एक शिक्षणवर्ग चालू केला; त्यांत शिकणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. त्या यंत्रावर बसून लॅटिन मजकूर अचूक उतरवीत. त्या काळीं त्या भागांत मुलीला असें कसब येणें म्हणजे नोकरीची वाट होती, हें आम्ही विसरत नाहीं. तरी शिकविलें गेलें तें यंत्र चालविणें. भोंकें पाडण्याचीं कार्डें पुढें जगांतून गेलीं, आणि त्यांबरोबर तें कसबही गेलें. त्या मुली कोण होत्या ह्याचा शोध संशोधकांनीं फार उशिरां, ह्या शतकांत, घेतला. क्लार्क कॉलेजांत शिकलेल्या मुलींच्या वेळचीं यंत्रेंही आज कोठें चालत नाहींत. परंतु प्रश्नाचे तुकडे कसे करावेत, क्रम कसा लावावा, चूक कोठें आहे ती कशी हुडकावी, हें त्या जें शिकल्या तें कोणत्याही यंत्रावर चालतें. एकाच वर्षीं जन्मलेल्या दोन व्रतस्थांच्या दोन वर्गांत हा जो फरक, तोच आमच्या ह्या लेखाचा विषय आहे.

शाळांच्या बाबतींत सर्वांत शिकण्यासारखी हकीकत इंग्लंडची आहे, कारण त्या देशानें एकदां बरोबर वाट धरली, मग ती सोडली, आणि मग पुन्हां शोधीत आला. १९७८ सालीं बीबीसीनें चिप नांवाच्या सूक्ष्म यंत्रभागावर एक बोलपट दाखविला. आतां कामगारांचीं कामें जाणार, अशी धास्ती देशभर पसरली. सरकारनें शाळांसाठीं १९८० सालीं एक योजना सुरू केली. बीबीसीनें लोकांस संगणक शिकविण्याचें अंगावर घेतलें आणि केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीकडून खास त्यासाठीं एक यंत्र करवून घेतलें. हें 'बीबीसी मायक्रो' डिसेंबर १९८१ मध्यें बाजारांत आलें, जानेवारी १९८२ पासून दूरचित्रवाणीवर त्याचे धडे सुरू झाले, आणि शाळेनें संगणक घेतल्यास अर्धी किंमत सरकार देई. पंधरा लाखांहून अधिक यंत्रें खपलीं.

ह्या यंत्राचा एक गुण वरवर क्षुल्लक दिसतो. तें सुरू केलें कीं पडद्यावर चित्रें, खेळ, रंगीत चौकटी असें कांहींही येत नसे. यंत्राचें नांव, बेसिक हा शब्द, आणि पुढें एक लुकलुकणारी रेघ. बस. यंत्र जणू गप्प बसून मुलाच्या आज्ञेची वाट पाही. मुलानें कांहीं तरी लिहिल्यावांचून कांहींच होत नसे; आणि लिहिलें तर पडद्यावर त्याचें नांव शंभर वेळां उमटे, किंवा एखादें वर्तुळ निघे. डार्टमथच्या प्राध्यापकांनीं कॉलेजासाठीं केलेली भाषा अशा रीतीनें दहा वर्षांच्या पोरांच्या हातीं गेली.

पुढें काय झालें? यंत्रें सुधारलीं. १९९० नंतर कार्यालयांत वापरावयाच्या तयार सोयी भरलेले संगणक शाळांत आले. पत्र कसें सजवावें, आंकड्यांचा तक्ता कसा मांडावा, व्याख्यानाची चित्रें एकामागून एक कशीं सरकवावीं, हें मुलें शिकूं लागलीं. हें वाईट होतें असें नाहीं. पण हळूहळू हेंच सर्व कांहीं झालें. विषयाचें नांवही बदलून 'माहिती व दळणवळण तंत्र' असें झालें. परीक्षेस बसणारीं मुलें पुष्कळ, उत्तीर्ण होणारीं पुष्कळ, आणि यंत्राच्या आंत काय चालतें हें सांगणारीं थोडीं. ऑगस्ट १९११ नव्हे, अगदीं परवां परवां, ऑगस्ट २०११ मध्यें गूगल कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष एरिक श्मिट ह्यांनीं एडिंबरो येथील व्याख्यानांत इंग्रजांस स्पष्ट सुनावलें कीं, तुम्ही मुलांस तयार आज्ञावल्या वापरावयास शिकवितां, त्या कशा होतात तें शिकवीत नाहीं. तुमचा संगणकाचा वारसा तुम्हीच फेंकून देत आहां. जानेवारी २०१२ मध्यें रॉयल सोसायटीनें ह्याच अर्थाचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्याच महिन्यांत शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह ह्यांनीं जुना अभ्यासक्रम मोडीत काढीत असल्याचें जाहीर केलें. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडांतील शाळांत 'संगणन' हा नवा विषय सुरू झाला. पांच वर्षांच्या मुलालाही एखाद्या कामाच्या पायऱ्या क्रमानें सांगतां याव्या, असें त्यांत आहे. १९८२ सालीं जें एका लुकलुकत्या रेघेनें आपोआप साधलें होतें, तें तीस वर्षांनीं सरकारी अभ्यासक्रमांत लिहून आणावें लागलें.

तेंही सहज आलें नाहीं. २०१७ सालीं रॉयल सोसायटीनें पुन्हां पाहणी केली. तींत असें आढळलें कीं इंग्लंडांतील अर्ध्याहून अधिक माध्यमिक शाळा शालान्त परीक्षेसाठीं संगणकशास्त्र हा विषय देतच नाहींत, आणि जे तो घेतात त्यांत मुलींचें प्रमाण शेंकडा वीसच आहे. कारण उघड होतें. विषय एका सहीनें बदलतां येतो; परंतु काल पत्र सजविणें शिकविणारा शिक्षक आज विचाराच्या पायऱ्या शिकवूं लागत नाहीं. त्याला स्वतः शिकण्यास वेळ, पैसा व धीर द्यावा लागतो. ही व्यवस्था अभ्यासक्रम बदलल्यानंतर चार वर्षांनीं, २०१८ सालीं, राष्ट्रीय केंद्र काढून करण्यांत आली. घोड्यापुढें गाडी म्हणतात ती हीच.

हिंदुस्थानांतही आधीं विद्यापीठ व मग शाळा असाच क्रम झाला. कानपूरच्या आयआयटींत १९६३ सालीं अमेरिकन विद्यापीठांच्या साह्यानें आयबीएम १६२० हा संगणक आला. आपल्याकडील इतर कांहीं संस्थांत यंत्रें होतीं, पण तीं संशोधनासाठीं; कानपुरास मात्र एंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांस त्यावर स्वतः काम करावयास मिळालें, आणि बाहेरच्या शिक्षकांसाठीं व शास्त्रज्ञांसाठीं अल्प मुदतीचे वर्गही भरविले गेले. तेथील प्राध्यापक राजारामन ह्यांनीं लिहिलेलीं स्वस्त पाठ्यपुस्तकें पुढें देशभरच्या कॉलेजांत चाललीं. यंत्र एक आणि शिकणारे अनेक, अशा देशांत पुस्तकानें केवढें काम केलें ह्याचा हा दाखला आहे. यंत्राला हातही न लावतां ह्या पुस्तकांवर शिकलेले आमच्या पिढींत पुष्कळ आहेत.

शाळांत संगणक नेण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४-८५ सालचा. त्याचें नांव 'क्लास'. देशांतील सुमारें अडीचशें शाळा निवडल्या गेल्या, आणि त्यांस दिलें गेलेलें यंत्र कोणतें? तेंच, इंग्लंडचें बीबीसी मायक्रो. म्हणजे लुकलुकती रेघ आपल्याही मुलांसमोर आली होती. तरी तेथें जें घडलें तें येथें घडलें नाहीं. तेथें संध्याकाळीं घरोघरीं दूरचित्रवाणीवर धडा लागे, घरांत कोणाचें तरी यंत्र असे, बाजारांत मासिकें असत. येथें एका शाळेंत कांहीं थोडीं यंत्रें, थोड्या आठवड्यांचें प्रशिक्षण घेतलेले दोनतीन शिक्षक, आणि विषय परीक्षेच्या बाहेर. आपल्याकडे परीक्षेंत नाहीं तें शाळेंत नाहीं. वीज जाई, यंत्र बिघडलें तर दुरुस्त करणारा दूरच्या शहरांत, म्हणून तें जपून ठेवण्याकडेच कल. आणखी एक मोठी अडचण होती, तिच्याविषयीं अहवालांत थोडें लिहिलें जातें: यंत्राला मराठी येत नव्हतें. आज्ञा इंग्रजींत, उत्तर इंग्रजींत. मराठी शाळेंतील मुलाला आधीं परकी भाषा ओलांडून मग विचाराच्या पायरीपाशीं यावें लागे.

येथें राशोलची गोष्ट पुन्हां आली. ह्या खेपेस मात्र खिळे पडले. भारतीय लिप्यांसाठीं संगणकांतील संकेतांचें प्रमाण १९९१ सालीं ठरलें, आणि त्याच वर्षीं युनिकोड ह्या जागतिक प्रमाणांतही देवनागरीला स्थान मिळालें. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें भारतीय लिप्यांच्या ह्या कामांत मोठा वांटा उचलला. फादर स्टीफन्स ह्यांच्या पत्रास उत्तर येण्यास तीनशें त्र्याऐंशीं वर्षें लागलीं असें म्हणावयास हरकत नाहीं. तरी प्रमाण ठरणें वेगळें आणि मुलाच्या बोटांत येणें वेगळें. देवनागरीचा सरकारी कळफलक उत्तम आहे. स्वर एका हातीं, व्यंजनें दुसऱ्या हातीं. बाराखडी येणाऱ्या मुलास तो थोड्या दिवसांत साधतो. पण तो शिकविणाऱ्या शाळा थोड्या. आमच्या युवासंघाचे संदेश आजही फोनवर रोमन अक्षरांतील मराठींत येतात. १६१६ सालीं तो नाइलाज होता. आज तो आळस आहे, आणि त्या आळसांत अभ्यासक्रमाचा वांटा मुलांहून अधिक आहे.

ह्या बाबतींत केरळानें जें केलें तें आपण लक्षपूर्वक पाहावें. २००१ च्या सुमारास तेथील सरकारनें 'आयटी ॲट स्कूल' नांवाची योजना काढली. तिच्यांत तीन गोष्टी होत्या व तिन्ही एकत्र होत्या. विषय शालान्त परीक्षेंत घेतला. शिक्षकांतूनच निवडून शिक्षकांचे शिक्षक तयार केले. आणि पुढें कोणा एका कंपनीच्या तयार मालावर विसंबून न राहतां मुक्त आज्ञावल्या घेतल्या, ज्या कोणीही पाहाव्या, बदलाव्या, फुकट वापराव्या. पाठ्यपुस्तकें मल्याळमांतही निघालीं. २०२४ सालीं तेथील सातवीच्या पुस्तकांत कृत्रिम बुद्धीचा धडा आला, आणि तो आधीं शिक्षकांना शिकवून मग आला.

महाराष्ट्रांत ह्या शतकाच्या आरंभीं एमएस-सीआयटी हा वर्ग निघाला. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक तरुणांना त्यानें संगणकाची भीति घालविण्यास मदत केली. सरकारी नोकरीसाठीं तो लागतो, आणि मराठींतूनही तो करतां येतो, हें त्याचें मोठें श्रेय. पण तो प्रौढांसाठीं, कार्यालयीन कामासाठीं आहे. बापांनीं त्याचीच लहान आवृत्ति शाळेंत मागावी हें स्वाभाविक असलें, तरी इंग्लंडानें २०१२ सालीं जी वाट सोडली तीच आपण धरण्यासारखें तें होईल. वरच्या आईला तिच्या मुलीचें सर्टिफिकेट पाहून जो संशय आला, तो आम्हांस रॉयल सोसायटीच्या अहवालाइतकाच बरोबर वाटतो.

मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या. जगांत दीड अब्जाहून अधिक विद्यार्थी घरीं बसले, आणि अभ्यासक्रम एका रात्रींत फोनमध्यें गेला. तो गेला म्हणजे काय, हें आपण पाहिलें आहे. घरांत फोन एक, तो बापाच्या खिशांत, बाप कामावर, पोरें तीन, थोरलीचा वर्ग सकाळीं आठाला, धाकट्याचाही आठाला. पुस्तकांतील धडा पडद्यावर दाखविणें म्हणजे नवें शिक्षण, असा जो एक समज होता, तो त्या दोन वर्षांत पुरता धुऊन निघाला. त्याच वर्षीं २९ जुलै रोजीं केंद्र सरकारनें नवें राष्ट्रीय शिक्षणधोरण जाहीर केलें व वरिष्ठ प्राथमिक वर्गांपासून संगणकाला आज्ञा लिहिणें शिकवावें असें त्यांत म्हटलें. धोरण चांगलें आहे. त्याला शिक्षक कोठून येणार, हें इंग्लंडचा अनुभव पाहतां आधीं विचारावयाचें.

३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी लोकांस खुलें झालें, आणि प्रश्न आणखी पुढें गेला. आतां यंत्राला काम सांगण्यासाठीं त्याची भाषाही शिकावी लागत नाहीं. साध्या वाक्यांत सांगावें, आणि निबंध, गणित, आज्ञावली, सर्व तयार. विद्यापीठांना घरीं लिहून आणावयाचे निबंध व तोंडी परीक्षा ह्यांचा फेरविचार करावा लागला. संत पापांच्या कार्यालयांनीं २८ जानेवारी २०२५ रोजीं ह्या विषयावर 'आंतिक्वा एत् नोव्हा' हें विवेचन प्रसिद्ध केलें. त्यांत शिक्षणावर निराळा भाग असून, शिक्षकाच्या प्रत्यक्ष सहवासांतून जें घडतें तें यंत्रास घडवितां येत नाहीं असें प्रतिपादिलें आहे. कोणी म्हणतात, आतां यंत्रच सारें लिहितें, मग मुलांनीं पायऱ्या लावण्यास कशाला शिकावें? आमचें मत उलट आहे. गाल्लारातेच्या मुलींच्या हातांत निदान मजकूर तरी होता. चुकलें तर त्यांना दिसे. यंत्रानें लिहिलेलें उत्तर ज्या मुलाला तपासतां येत नाहीं, त्याच्या हातांत तेंही नाहीं.

वाचक विचारतील, मग आपल्या शाळेंत काय? गेल्या पावसाळ्यांत शिक्षकांबरोबर बसून आम्हीं वेळापत्रक पाहिलें. संगणकाचा तास आठवड्यास एक आहे. येत्या जूनपासून पांचवी ते आठवीस दोन करावयाचे ठरलें. पांचवीचे पहिले तीन महिने यंत्राला हात नाहीं: कागदावर, अंगणांत, एकमेकांस पायऱ्या सांगून काम करून घ्यावयाचें, सांगणाऱ्याची चूक झाली कीं ऐकणारा भिंतीवर आदळतो, ह्यांत मुलांना मोठी मौज वाटते. मग देवनागरी कळफलक. मग मुक्त आज्ञावल्यांवर लहान लहान कामें. तीन शिक्षिका व एक शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टींत स्वतः शिकणार आहेत. त्यांतील एक बाई पुढल्या वर्षीं निवृत्त होत असतांही आपण होऊन पुढें आल्या. त्यांच्या प्रवासाचा व फीचा खर्च ज्युबिली फंडांतून द्यावा असें मंडळानें मान्य केलें आहे, आणि ज्यांस त्यांत भर घालावयाची असेल त्यांनीं ती कार्यालयांत द्यावी.

दुसरा तास कोठून काढावयाचा, ह्यावर मात्र बराच वेळ गेला. कोणीं चित्रकलेचा सुचविला, कोणीं बागकामाचा. अखेर शनिवारची शाळा पाऊण तास वाढविली. बागकामाचा तास जेथें होता तेथेंच आहे.